दहा सेंटिमीटरचा उपग्रह

उपग्रह तयार व्हायला जितकी वर्षे लागतात, तितकी वर्षे विद्यार्थी विद्यापीठात राहत नाही. अंतराळ अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणातली ही जुनी अडचण आहे. कक्षेची गणिते, उष्णतेचे वहन, नियंत्रण हे सारे फळ्यावर शिकवता येते. पण या सर्वांचा मेळ घालून एक यंत्र उभे करणे, ते अवकाशात पाठवणे आणि तिथून आलेला संदेश वाचणे, हा अनुभव दोन वर्षांत कसा द्यायचा?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रा. बॉब ट्विग्ज यांच्यापुढे हाच प्रश्न होता. त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९४ च्या सुमारास 'सफायर' हा उपग्रह हाती घेतला. तो अवकाशात गेला ३० सप्टेंबर २००१ रोजी. सुरुवातीचे विद्यार्थी तोवर पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडले होते. दरम्यान, जानेवारी २००० मध्ये 'ओपल' हा त्यांचा दुसरा उपग्रह उडाला. त्याच्या पोटातून सहा चिमुकले उपग्रह कक्षेत सोडण्यात आले.

उपग्रहात जागा असली की तीत आणखी एखादे उपकरण बसवण्याचा मोह होतो आणि काम लांबत जाते. तेव्हा जागाच कमी केली तर? १९९९ साली ट्विग्ज आणि कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकचे प्रा. जॉर्डी पुइग-सुआरी यांनी नियम ठरवला: १० सेंटिमीटर बाजूचा घन, वस्तुमान जास्तीत जास्त १ किलोग्रॅम. हाच 'क्यूबसॅट'. अनेक अनुभवी अभियंत्यांना ही कल्पना निरुपयोगी वाटली.

या घनाला वीज किती मिळेल, हे आपण वर्गातही काढू शकतो. पृथ्वीजवळ सूर्यप्रकाशाची शक्ती दर चौरस मीटरला सुमारे १३६० वॉट असते. घनाच्या एका बाजूचे क्षेत्रफळ ०.०१ चौरस मीटर. म्हणजे सरळ उन्हात तिच्यावर सुमारे १३.६ वॉट पडतात. सौरघटांची कार्यक्षमता १५ टक्के धरली, तर हाती येतात जेमतेम २ वॉट. संगणक, रेडिओ आणि प्रयोग, सगळे एवढ्यात भागवायचे. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे विद्यार्थ्याला ठरवावेच लागते.

दुसरी अडचण होती अग्निबाणात जागा मिळण्याची. विद्यार्थ्यांच्या यंत्राचा एखादा भाग सुटला आणि शेजारच्या महागड्या उपग्रहाला इजा झाली तर? त्यावर पुइग-सुआरी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'पी-पॉड' ही भक्कम पेटी तयार केली. तिच्यात तीन घन एकामागे एक बसतात. कक्षेत पोचल्यावर झाकण उघडते आणि स्प्रिंग त्यांना बाहेर ढकलते. तोवर आत काहीही बिघडले तरी ते पेटीतच राहते.

३० जून २००३ रोजी रशियातील प्लेसेत्स्क येथून पहिले क्यूबसॅट उडाले. टोकियो विद्यापीठाच्या घनाने पुढे अनेक वर्षे काम केले. डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठाच्या घनाकडून मात्र एकही संदेश आला नाही. पण तो घडवणाऱ्यांना आपल्या कामाचा निकाल विद्यार्थिदशेच्या आसपासच कळला, आणि 'सफायर'च्या पहिल्या विद्यार्थ्यांना नेमके तेच मिळाले नव्हते.

आपल्याकडे २०१६ साली महाराष्ट्रातले दोन विद्यार्थी-उपग्रह पीएसएलव्हीने गेले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा सुमारे १ किलोग्रॅमचा 'स्वयम्' २२ जून रोजी, तर मुंबईच्या आयआयटीचा सुमारे १० किलोग्रॅमचा 'प्रथम' २६ सप्टेंबर रोजी. दोन्हींच्या तयारीत कित्येक वर्षे गेली आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या बदलल्या. म्हणजे घन लहान केला तरी जुनी अडचण पुरती सुटत नाही. अशा वेळी काम टिकते ते आधीच्या तुकडीने नीट लिहून ठेवलेल्या नोंदींवर. प्रयोगवही व्यवस्थित लिहायची सवय शाळेतच का लावायची, याचे हे एक चांगले उत्तर आहे.