बंगला: साहेबाचा की बंगालचा?

मंगळवार पेठेतल्या भिंतीला भिंत लागलेल्या घराला कुणी बंगला म्हणत नाही. त्याला चहूबाजूंनी मोकळे आवार हवे. म्हणून हा शब्द साहेबाने आणला, असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. बंगालमधल्या विष्णुपूरचे १६५५ सालचे केष्टराय मंदिर ‘जोडबांगला’ घडणीचे. बंगालच्या झोपडीसारखी दोन वक्र छपरे एकमेकांना जोडलेली. शाहजहानच्या आग्र्यातही तशा छपराच्या दालनाला बंगलाच म्हणत. म्हणजे शब्द आधी छपराचा, बंगाली धाटणीचा. आवार इंग्रजी वसाहतींनी जोडले, हे मात्र खरे. पुढे बंगला अमेरिकेत पोहोचला. पासाडेनातले ग्रीन बंधूंचे १९०८चे लाकडी गॅम्बल हाऊस त्या बंगलाशैलीचा कळस मानतात. खोल वळचणी, रुंद ओसऱ्या तिथेही टिकल्या. वक्र छप्पर तेवढे गेले.