आंतरराष्ट्रीय उत्तर कुपन : उत्तराचे टपालहशील कोणी भरावे?

पूर्वजांच्या स्नानसंस्काराची किंवा विवाहाची नोंद मिळावी म्हणून परदेशातील एखाद्या धर्मग्रामाला आपण पत्र लिहितो. गरज आपली असते. जुन्या नोंदवह्या चाळण्याचे कष्ट मात्र तेथील धर्मगुरूंना किंवा कार्यालयातील सेवकाला घ्यावे लागतात. उत्तराचे टपालहशीलही त्यांनीच भरावे काय? प्रश्न लहान वाटला तरी तो न्यायाचा आहे. गोवा, वसई व मुंबई येथील धर्मग्रामांकडेही परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांची अशी पत्रे येतात, तेव्हा हा प्रश्न आपल्याच दारी उभा राहतो.

देशातल्या देशात याचे उत्तर सोपे आहे. आपला पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट पत्रासोबत जोडले की झाले. जोडकार्डाचा हेतूही हाच होता. परदेशाच्या बाबतीत मात्र अडचण येते. टपाल तिकीट ज्या देशाचे, त्याच देशात ते चालते. भारताचे तिकीट लावलेले पाकीट लिस्बनच्या टपालपेटीत टाकले, तर त्या तिकिटाला तेथे काहीच मोल नाही. साध्या पत्रातून नोटा पाठविणे नियमबाह्य आहे आणि धोक्याचेही.

या अडचणीवर जागतिक टपाल संघाने तोडगा काढला. १८७४ साली स्थापन झालेल्या या संघात भारत १८७६ साली सामील झाला, तर व्हॅटिकन नगरराज्य १९२९ साली. संघाच्या १९०६ सालच्या रोम येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय उत्तर कुपनाची योजना मंजूर झाली व १ ऑक्टोबर १९०७ पासून ती अमलात आली.

योजनेची रीत साधी होती. पत्र लिहिणाऱ्याने आपल्या टपाल कार्यालयातून कुपन विकत घ्यावे आणि आपला पत्ता लिहिलेल्या, पण तिकीट न लावलेल्या पाकिटासह ते पत्रात ठेवावे. पत्र मिळालेल्या व्यक्तीने ते आपल्या टपाल कार्यालयात द्यावे व परदेशी पाठवावयाच्या साध्या पत्राला लागतील तेवढी तिकिटे त्याबदली घ्यावीत. प्रत्येक देशाचे दर निराळे असले, तरी कुपन कोणत्या देशात घेतले याला महत्त्व नव्हते. दूरच्या मठांना पत्र लिहिणारे भाविक, वंशावळीचे अभ्यासक आणि हौशी रेडिओ संदेशक यांना ही सोय फार उपयोगी पडली.

याच कुपनाच्या नावाने मोठी फसवणूकही झाली. पहिल्या महायुद्धानंतर इटलीच्या लिराचा भाव घसरला. तेव्हा इटलीत स्वस्तात घेतलेल्या कुपनाच्या बदल्यात अमेरिकेत अधिक किमतीची तिकिटे मिळू शकत होती. स्पेनहून आलेल्या पत्रातील कुपन पाहून बॉस्टन येथील चार्ल्स पाँझी याला ही तफावत सुचली. पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा देण्याचे वचन देऊन १९२० साली त्याने हजारो लोकांकडून पैसा गोळा केला. प्रत्यक्षात एवढा व्यवहार होण्याइतकी कुपनेच चलनात नव्हती. नव्या ठेवीदारांचा पैसा जुन्यांना दिला जात होता. ऑगस्ट १९२० मध्ये त्याला अटक झाली. अशा फसव्या योजनांना आजही त्याचेच नाव दिले जाते. उत्तर देणाऱ्याची सोय पाहण्यासाठी निघालेला कागद लोभाच्या हाती पडला, तेव्हा कष्टकरी कुटुंबांची बचत बुडाली.

२००२ सालापासून नव्या कुपनांवर मुदतीची अखेरची तारीख छापली जाऊ लागली. कुपनांची विक्री करणे देशांसाठी ऐच्छिक होते. इ-मेलच्या प्रसारानंतर मागणी घटली. ब्रिटनने २०११ च्या अखेरीस, तर अमेरिकेने जानेवारी २०१३ मध्ये विक्री थांबविली. आबिजान अधिवेशनाच्या नावाने निघालेल्या कुपनांवर ३१ डिसेंबर २०२५ ही अखेरची तारीख छापलेली होती. म्हणून जुने कुपन हाती आले तर प्रथम त्यावरील तारीख पाहावी आणि पत्रात घालण्यापूर्वी मुख्य टपाल कार्यालयात चौकशी करावी. मुदत संपलेल्या कुपनावर तिकिटे मिळत नाहीत. संग्राहकांना मात्र त्याचे अप्रूप असते.

कुपन उपलब्ध नसले तरी त्यामागील सौजन्य आपण सोडू नये, असे आम्हांला वाटते. परदेशी धर्मग्रामाला लिहिताना आपला इ-मेल पत्ता द्यावा, म्हणजे उत्तराला टपालखर्च पडणार नाही. नाव, अंदाजे वर्ष व आईवडिलांची नावे स्पष्ट लिहावीत, म्हणजे शोधणाऱ्याचे श्रम वाचतील. दाखला टपालानेच हवा असेल, तर खर्च किती व तो कसा पाठवावा हे आधी विचारावे. शक्य असल्यास त्या धर्मग्रामाला यथाशक्ती देणगीही द्यावी. आपली विचारणा दुसऱ्याच्या खिशाला भार होऊ नये, एवढी काळजी घेणे हीदेखील शेजारप्रीतीच आहे.