लाकडी तक्तपोशीवरील दगडी फरसबंदी : विट्रुव्हिअसची मीमांसा

लाकडी तुळयांवर बसविलेली दगडी फरशी तडकली, की दोष सामान्यतः दगडास दिला जातो. इ. स. पूर्व पहिल्या शतकातील रोमन स्थापत्यकार विट्रुव्हिअस याने आपल्या ग्रंथाच्या सातव्या खंडात मात्र त्याचे मूळ लाकडात शोधले. खालच्या मजल्यावरील एखादी आडभिंत तक्तपोशीला टेकली, तर तुळया सुकून वाकतात, भिंत अचल राहते, आणि तिच्या दोन्ही अंगांस फरशीला भेगा पडतात. म्हणून तुळया भिंतीपासून सुट्या ठेवाव्यात, असे तो सांगतो. ओकच्या दोन जातींच्या फळ्या मिसळण्यासही त्याचा विरोध आहे. कारण त्यांतील एक जात ओल लागताच पिळवटते.

त्याची उपाययोजना थरांची आहे. प्रत्येक तुळईवर फळीच्या कडांना दोन खिळे. चुन्यापासून लाकूड राखण्यासाठी नेचा किंवा पेंढा. त्यावर मुठीएवढे दगड. मग कुटून किमान पाऊण रोमन फूट केलेला खडी-चुन्याचा थर. शेवटी तीन भाग सुरखी व एक भाग चुना यांचा किमान सहा अंगुळांचा थर. या अखेरच्या थरास तो ‘न्यूक्लिअस’, म्हणजे ‘गर’, म्हणतो. फरशी त्यावर बसे.

या जाडीने फरशी लाकडापासून दूर राहिली, तरी सारा भार त्याच तुळयांवर येई. आजच्या अमेरिकी प्रघातात भर आहे तो तुळयांच्या ताठपणावर : नैसर्गिक दगडाखाली त्यांचा वाक गाळ्याच्या 720व्या भागाहून अधिक नसावा, भाजलेल्या मातीच्या फरशीखाली 360व्या. उपाय पालटला, विट्रुव्हिअसचे निदान मात्र ग्राह्यच ठरते.