मुंबईचं साप्ताहिक, मद्रासची बंदी

नुंगंबाक्कममधल्या नववी-दहावीच्या मराठी मुलांना संविधान शिकवताना मी कलमांच्या यादीपासून सुरुवात करत नाही. मुंबई आणि त्यांचं हे शहर यांना जोडणारा एक खटला सांगतो.

संविधान लागू झालं २६ जानेवारी १९५० रोजी. तेव्हा रोमेश थापर मुंबईतून ‘क्रॉस रोड्स’ हे डाव्या विचारांचं इंग्रजी साप्ताहिक काढत. १ मार्चला मद्रास सरकारने ते राज्यात आणायला, वाटायला बंदी केली. कारण दिलं सुरक्षितता आणि सार्वजनिक सुव्यवस्थेचं.

थापर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘आधी उच्च न्यायालयात जायला हवं होतं,’ असा सरकारतर्फे आक्षेप आला. न्यायालयाने तो फेटाळला. मूलभूत हक्कांसाठी थेट तिथे जाता येणं हाच कलम ३२ने दिलेला हक्क आहे. बाबासाहेबांनी याच कलमाला संविधानाचा आत्मा म्हटलं होतं.

२६ मे १९५० रोजी सहापैकी पाच न्यायमूर्तींनी बंदी रद्द केली. लिहिलेलं लोकांपर्यंत पोहोचवणं हाही अभिव्यक्तीचाच भाग, असं निकालात म्हटलं. कलम १९(२)मध्ये तेव्हा राज्याच्या सुरक्षिततेचा उल्लेख होता, सार्वजनिक सुव्यवस्थेचा नव्हता.

इथे मुलं विचारतात, ‘म्हणजे वाट्टेल ते लिहायचं?’ संसदेपुढेही हाच पेच होता. जून १९५१मध्ये पहिल्या घटनादुरुस्तीने ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण जोडलं गेलं. पण सोबत आणखी एक शब्द आला: ‘वाजवी’. निर्बंध घाला, पण तो वाजवी हवा. आणि तसा तो आहे की नाही, हे न्यायालय तपासणार.

मूलभूत कर्तव्यं संविधानात आली १९७६मध्ये, बेचाळिसाव्या दुरुस्तीने. पण मला जबाबदारीचा पहिला धडा या एका शब्दात दिसतो. तो दोघांनाही बांधतो: बोलणाऱ्याला आणि बोलणं थांबवणाऱ्यालाही.

म्हणून मी मुलांना तीन प्रश्न पाठ करायला लावतो. ही बंदी कोणत्या नियमाने? कशासाठी? आणि ती वाजवी आहे का? मग चौथा, जरा अवघड: ज्याचं म्हणणं मला अजिबात पटत नाही, त्याच्यावर बंदी आली तरी मी हे तीन प्रश्न विचारीन का?

चौथ्या प्रश्नाला वर्ग थोडा वेळ गप्प होतो. मी घाई करत नाही.