न दिसणारं काम

२९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंदणी झाली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळी-पिवळी रस्त्यावरून हटली. तेव्हा इन्स्टावर फोटोंचा पूर आला. पण ही गाडी इतकी वर्षं उभी कुणी ठेवली, हे त्या फोटोंत नव्हतं.

पद्मिनी मुळात १९५३ ची इटालियन फियाट ११००. तिला वेगळी चासी नव्हती. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. मुंबईची खारी हवा आणि पावसाळा यांनी तळाचा पत्रा गंजला की गाडीच कमकुवत व्हायची. लायसन्स राजच्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. त्यामुळे जुनी टिकवणं ही हौस नव्हती, पोटाचा प्रश्न होता.

इथे डेंटर येतो. पोचा आला की तो पत्र्याच्या आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा धरतो आणि बाहेरून हातोडीचे हलके ठोके देतो. जोरात मारलं तर पत्रा ताणतो आणि फुगतो. मग फुगवटा गॅसच्या ज्योतीने लाल करून ओल्या फडक्याने थंड करायचा, की पत्रा आकसतो. सडलेला भाग कापून नवा तुकडा वेल्ड करायचा. शेवटी लांबी, वॉटर पेपरने घासकाम, प्रायमर आणि रंग.

लांबी हा मात्र मोहाचा मार्ग. ठोकाठोक टाळून जाड थर लिंपला तरी रंगाखाली कळत नाही. म्हणूनच जुनी गाडी घेताना जाणकार खिशात लोहचुंबक ठेवतात. जाड लांबीवर ते चिकटत नाही.

पुण्याच्या तांबट आळीतही हातोडीच चालते. तिथल्या मठारकामात ठोक्यांच्या खुणा भांड्यावर मिरवतात, तोच कारागिराचा पुरावा. डेंटरचं उलटं आहे. एकही खूण उरली नाही, तरच काम चांगलं. आरटीओच्या नोंदीत गाडीची तारीख सापडते, मालक सापडतो. तळाचा पत्रा किती वेळा बदलला, हे सापडत नाही.

वयोमर्यादेलाही कारण आहे. इंजिनाचा धूर हातोडीने कमी होत नाही. शिवाय आजच्या गाड्यांच्या सांगाड्यातलं उच्च ताकदीचं पोलाद तापवलं तर ताकद गमावतं, त्यामुळे असे भाग ठोकून सरळ न करता बदलतात. म्हणजे हे कौशल्य फक्त आळसाने मागे पडलेलं नाही, पत्राच बदलला आहे.

आपण सॉफ्टवेअरवाले निदान कमिट हिस्टरी ठेवतो. कुणी काय दुरुस्त केलं, ते नावानिशी राहतं. पद्मिनीची तशी हिस्टरी नाही. ती आता फक्त काही म्हाताऱ्या डेंटरांच्या हातांत आहे. गाडी एखाद्या संग्रहालयात चकचकीत उभी करता येईल. पण ते हात कसे चालतात, याचा व्हिडिओ कुणीतरी आत्ताच काढून ठेवायला हवा. फोन तर तुमच्या हातात आहेच.