गोठा, दूध आणि कर्करोग



आरे कॉलनीच्या शेजारी बसून दुधाची गोष्ट सांगायला प्रस्तावना नको. शहराच्या पोटातले म्हशींचे तबेले बाहेर काढावेत म्हणून १९४९ साली गोरेगावजवळ ही वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी हे तिचे कर्तेधर्ते. या तबेल्यांतून वर्गणीच्या पावत्या फाडीत आम्ही पंचवीस-तीस वर्षे हिंडलो. आता कर्करोगावर बोलायला युनियनचा माणूस कशाला, असे कोणी विचारील, आणि विचारावेच. आमचे शिक्षण फारसे झालेले नाही. जे वाचले ते एका सहकाऱ्यामुळे.

ते मूळचे सातारा बाजूचे, येथे तबेल्यात कामाला होते. साठी उलटल्यावर रात्री पाच-पाच वेळा लघवीला उठावे लागे. वयच झाले म्हणून ते गप्प राहिले. पुढे कंबर धरली. एका डॉक्टरांनी वर्षभर वाताच्या गोळ्या दिल्या. अखेर तपासणी झाली तेव्हा पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा, कर्करोग हाडांत उतरलेला होता. वृषण काढावे लागतील, नाही तर त्यांचे काम थांबवणारी इंजेक्शने कायम घ्यावी लागतील, असे सांगण्यात आले. ते आमच्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, गावाकडं मी बैल खच्ची केल्यात. आता माझी पाळी व्हय?"

त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हते.

ते शोधता शोधता आढळले ते असे की, या शास्त्राची सुरुवातच मुळी गोठ्यात आहे. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या शल्यवैद्याने दूध उतरण्याच्या क्रियेचा अभ्यास केला होता. काही देशांत गाय व्याल्यावर तिचे अंडाशय काढतात, म्हणजे ती अधिक काळ दूध देते, हे त्याला कळले. अंडाशय कोठे आणि कास कोठे! तरी एकाचा हुकूम दुसरीवर चालतो. यावरून १८९५ साली त्याने स्तनाचा कर्करोग पसरलेल्या एका तरुण स्त्रीचे अंडाशय काढले. गाठी विरल्या. रोग पुढे परतला; तथापि तिला काही वर्षे मिळाली. संप्रेरक हा शब्दसुद्धा त्या वेळी जन्मला नव्हता.

पुरुषांच्या बाबतीत हेच घडायला १९४१ उजाडले. शिकागोत चार्ल्स हगिन्स याने आधी कुत्र्यांवर प्रयोग केले, कारण म्हातारपणी कुत्र्याचीही ही ग्रंथी वाढते. मग रुग्णांचे वृषण काढून पाहिले. अंथरुणाला खिळलेल्यांच्या वेदना ओसरल्या. हगिन्सला १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच १९४१ च्या फेब्रुवारीत आमच्या परळला, गिरण्यांच्या भोंग्यांत, टाटा स्मारक रुग्णालयाचे दार उघडले.

परळच्या या परिसरात पुढे १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले. डॉ. खानोलकर त्याचे प्रमुख होते. त्यांच्याच हाताखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळवलेल्या पुण्याच्या कमल रणदिवे तेथे उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगावर काम करीत. बाईंचे आधीचे शिक्षण पुण्याच्या शेतकी कॉलेजातले, हे सांगताना आम्हाला विशेष आनंद होतो. अमेरिकेत बिटनर याने १९३६ साली दाखवले होते की, काही जातींच्या उंदरांत हा रोग आईच्या दुधातून पिलांना लागतो. दुधातला तो घटक म्हणजे एक विषाणू निघाला. विषाणू आणि संप्रेरके यांचा या रोगाशी संबंध कसा आहे, हे कमलताई तपासत होत्या. आरेचे दूध पिणाऱ्यांनी येथे दचकू नये. हा विषाणू उंदरांचा. आईने अंगावर पाजण्यातही भिण्यासारखे काही नाही, उलट त्याने आईचाच धोका कमी होतो.

मग वृषणांचा हुकूम ग्रंथीला कळतो कसा? कारखान्याचा दाखला घेऊ. संप्रेरक ही चिठ्ठी. पेशीत ती घेणारा एक मुकादम असतो; त्याला अँड्रोजन ग्राही म्हणतात. चिठ्ठी हातात पडली की तो पेशीच्या कचेरीत, म्हणजे केंद्रकात, जातो आणि ठरावीक जनुके कामाला लावतो: वाढा, दुप्पट व्हा. हा मुकादम १९६० नंतरच्या दशकात सापडला. १९८८ साली त्याचे जनुक वाचण्यात आले. पुरुषी संप्रेरकाच्या या ग्राहीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. म्हणजे मुलाला ते आईकडूनच मिळते! आणखी एक गंमत: उंदरांच्या दुधातल्या त्या विषाणूच्या जनुकापुढे असा एक तुकडा आहे की, त्यावर हाच ग्राही येऊन बसतो. ग्राही काम करतो की नाही हे पाहायला प्रयोगशाळांतून तो तुकडा आजही वापरतात. दुधाची वाट अशी फिरून पुरःस्थ ग्रंथीपाशी येते.

वृषण काढूनही रोग उलटतो, तेव्हा पूर्वी समजत की आता संप्रेरकाचा संबंध संपला. ते खरे नव्हते. गाठीत मुकादमांची संख्या वाढते. थोड्याशा चिठ्ठ्यांवर काम चालते. काही मुकादम तर चिठ्ठीवाचूनच कारखाना चालवतात. शिवाय मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून चोरून चिठ्ठ्या येतात. त्या बंद करणारे अबिरॅटेरोन २०११ साली, आणि मुकादमाचेच हात बांधणारे एन्झाल्युटामाइड २०१२ साली अमेरिकेत मान्य झाले. अबिरॅटेरोन आपल्याकडच्या कंपन्याही बनवतात, म्हणून ते निदान काहींच्या आवाक्यात आले.

मात्र ग्राहीला सर्वत्र गुन्हेगार ठरवू नये. स्तनाच्या बहुतेक कर्करोगांतही तो असतो, आणि इस्ट्रोजनवर वाढणाऱ्या गाठींना तो उलट आवर घालतो, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. एकच मुकादम एका खात्यात काम रेटतो, दुसऱ्यात रोखतो. आम्ही असे मुकादम पाहिले आहेत.

सहकाऱ्यांना हे सारे आम्ही थोडे थोडे सांगत गेलो. बीटसनच्या गाईची गोष्ट ऐकून ते हसले. म्हणाले, "म्हंजी गुरं राखणाऱ्यांनीच डाक्टरला शिकवलं म्हना की!" त्यांनी शस्त्रक्रिया पत्करली, कारण इंजेक्शनासाठी वरचेवर रजा आणि पैसा कोठून आणायचा? महिन्याभरात कंबर हलकी झाली. साडेतीन वर्षे मिळाली, त्यांतली दोन कामावर. घरी बायकोला काय झाले ते सांगायला मात्र त्यांना त्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक धीर लागला.

त्यांच्या तेराव्याला तबेल्यातले तिघेजण आम्हाला बाजूला घेऊन, खाली बघत, लघवीची तक्रार सांगू लागले. बहुतेकांची ती साधी वाढ असते, हे आम्ही त्यांना सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने तिघांनाही तपासायला घेऊन गेलो.