जुन्या जालन्याचा कागद यंत्राला कसा सापडेल?

१/११
कुंडलिका नदीच्या उजव्या तीरावर जुना जालना, पलीकडे कादराबाद म्हणजे नवा जालना. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवछत्रपतींच्या फौजांनी मुघलांची ही संपन्न पेठ लुटली. सभासद बखरीत तिचा उल्लेख 'जालनापूर' असा येतो. पुढे इंग्रजी कागदांत तेच गाव 'जॉलना' होते. मग संगणकाला केवळ 'जालना' शोधायला सांगितले, तर या दोन्ही नोंदी हातून निसटतात.

२/११
नावांइतक्याच इथल्या लिप्याही अनेक. निजामाच्या दरबारी कामकाजात आधी फारसी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू; गावोगावच्या कुलकर्ण्यांच्या दप्तरांत मोडी; ब्रिटिश छावणीच्या कारभारात इंग्रजी. शिवाय जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्यापूर्वीचे कागद औरंगाबाद जिल्ह्याच्या नावाखाली लागलेले. वर्गीकरण बदलले की कागद जागेवर असूनही हरवतो.

३/११
हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही, हे २०२३ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथील उपोषणानंतर राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. काम होते जुन्या नोंदींत 'कुणबी' हा शब्द शोधण्याचे. खासरा पत्रके, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, शाळांची प्रवेश रजिस्टरे उघडली गेली. राज्यभर ५० लाखांहून अधिक नोंदी मिळाल्याचे सरकारने जाहीर केले.

४/११
या कामासाठी मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधावी लागली. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग बोरू शक्य तितका कमी उचलत अक्षरे तिच्याखाली लिहायची. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यातून 'कुणबी' कुठे 'कुनबी', तर कुठे नुसते 'कु.' असे लिहिलेले. लेखनिक बदलला की वळण बदलते.

५/११
अक्षर न वाचताही शब्द शोधता येईल का? १९९० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात आर. मनमथा आणि सहकाऱ्यांनी हा विचार मांडला. पुढे जॉर्ज वॉशिंग्टनच्या हस्तलिखित पत्रांवर त्याचे प्रयोग झाले. पानातील प्रत्येक शब्द हे एक चित्र मानायचे आणि दिलेल्या चित्राशी मिळतीजुळती चित्रे काढायची. शब्दाचा उच्चार यंत्राला ठाऊक असण्याची गरजच नाही.

६/११
मात्र त्यासाठी शब्द कुठे संपतो हे कळले पाहिजे, आणि मोडी नेमकी तिथेच अडवते. शिवाय दोन चित्रांतले साम्य कशावरून ठरवायचे, हे सुरुवातीला माणूसच सांगत असे. १९८९ मध्ये यान लकुन आणि सहकाऱ्यांनी टपालावरचे हस्तलिखित पिनकोड ओळखणारे न्यूरल जाळे बांधले. कोणती रेघ, कोणते वळण महत्त्वाचे, हे ते जाळे उदाहरणांवरून स्वतः शिकत होते. आजची अक्षरओळख याच वाटेने आली आहे.

७/११
मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले २०१४ मध्ये. २०२५ मध्ये आयआयटी रुरकी आणि पुण्यातील संशोधकांनी मोडी पानाच्या चित्रावरून थेट देवनागरी लिप्यंतर करणारी प्रणाली जाहीर केली. तिच्यासाठी शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन मोडीची २,००० हून अधिक चित्रे लिप्यंतरासह जमवली गेली. ते लिप्यंतर मोडी जाणकारांच्या डोळ्यांखालून गेले. यंत्राचा गुरू इथेही माणूसच.

८/११
लिप्यंतर झाले तरी शोध संपत नाही. हजारो पानांतून हवे ते पान वर कसे आणायचे? १९७२ मध्ये केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी सूत्र दिले: जो शब्द सगळीकडे आढळतो त्याचे वजन कमी, जो मोजक्या ठिकाणी आढळतो त्याचे जास्त. महसुली दप्तरात 'मौजे' पानोपानी येतो, म्हणून त्यावरून काही उमगत नाही. एखादे विरळ आडनाव मात्र नेमक्या पानावर नेऊन सोडते.

९/११
नव्या पद्धती शब्दाची संगतही पाहतात. 'जालना' आणि 'जालनापूर' यांच्या आसपास तीच गावे, तेच परगणे, तीच माणसे येत असतील, तर यंत्र दोघांना जवळचे मानते. बखरीतली नोंद आता सापडू शकते. पण याच गुणात धोका आहे. एकाच गावात दोन 'राणोजी बिन संताजी' असतील, तर यंत्र त्यांनाही एकच समजू शकते.

१०/११
म्हणून शोधाची पारख दोन मापांनी होते; १९६० च्या दशकात इंग्लंडमधील क्रॅनफिल्डच्या प्रयोगांनी ती रूढ केली. हव्या असलेल्या नोंदींपैकी किती सापडल्या? आणि सापडलेल्यांपैकी खऱ्या किती? जाळे सैल विणले तर भलत्या नोंदी येतात, घट्ट विणले तर खऱ्या निसटतात. दाखल्याच्या बाबतीत निसटलेली नोंद एका कुटुंबाचा हक्क बुडवते, तर चुकीची नोंद दुसऱ्या कुणाच्या वाट्यावर घाला घालते.

११/११
यंत्र लाखो पानांतून शंभर पाने पुढ्यात ठेवील. पण कागद कोणत्या रुमालातला, कुणाच्या हातचा, शाई मागाहून फिरवलेली आहे की काय, याची साक्ष जाणकारालाच द्यावी लागते. महाराष्ट्राचा पुराभिलेख विभाग आजही मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतो. तिथे तयार होणारा प्रत्येक वाचक उद्या यंत्राला शिकवील आणि यंत्राची चूकही पकडील. तो वाचकच उरला नाही, तर यंत्र चुकले हे सांगणारेही कोणी उरणार नाही.